सूक्ष्मदर्शकाचा जुना संगणक : विंडोज ७ वरील डिस्प्ले अडॅप्टरचे दोषनिदान

शेतकऱ्यांनी आणलेले कीडग्रस्त नमुने तपासण्यासाठी अनेक कृषी विज्ञान केंद्रांत व प्रक्षेत्र प्रयोगशाळांत स्टिरिओ झूम सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा आणि त्या कॅमेऱ्याला संगणक जोडलेला असतो. हा संगणक बहुधा जुना असतो. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेली विंडोज ७ ही कार्यप्रणाली त्यावर अजून चालू असते. क्वचित ठिकाणी विंडोज एक्सपीही दिसते. कॅमेऱ्याची आज्ञावली त्याच प्रणालीसाठी तयार झालेली असते, तिची नवी आवृत्ती निघालेली नसते आणि सूक्ष्मदर्शकाची भिंगे मात्र उत्तम अवस्थेत असतात. एक्सपीसाठीचे निर्मात्याचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ साठीचे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. असा संगणक निर्लेखित करावा, असे सांगणे सोपे आहे. परंतु त्याच्याबरोबर चांगले उपकरणही अडगळीत जाते.

या संगणकांविषयीच्या तक्रारींत मोठा वाटा पडद्यावरील चित्राचा असतो. रंग पालटतात, चित्र आडवे ताणले जाते, कॅमेऱ्याचे थेट दृश्य अडखळत चालते किंवा त्या जागी काळा चौकोन दिसतो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे संगणक फॉरमॅट करणे. कीड न ओळखता केलेल्या फवारणीत आणि या उपायात मला फारसा फरक दिसत नाही. फॉरमॅटमध्ये कॅमेऱ्याच्या आज्ञावलीतील मोजमापाचे अंशांकन जाते, मूळ सीडी सापडत नाही, छायाचित्रांचा अनेक हंगामांचा संग्रह धोक्यात येतो, आणि एवढे होऊनही दोष केबलमध्ये असेल तर तो तसाच राहतो.

बिघडलेले चित्र आणि चुकलेले निदान

पडद्यावरील दोष केवळ गैरसोयीचा नसतो. त्यामुळे किडीची ओळख चुकू शकते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा ही कीड भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. तिच्या मोठ्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण असते आणि उदराच्या आठव्या खंडावर चार ठळक ठिपके चौरसाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे असतात. इतर उदरखंडांवरील ठिपक्यांची मांडणी समलंब चौकोनासारखी असते. म्हणजे निदानाचा मोठा भार ‘चौरस’ या शब्दावर आहे.

आता डिस्प्ले अडॅप्टरचा योग्य ड्रायव्हर नसलेला संगणक पाहा. त्याचा मॉनिटर १३६६ × ७६८ बिंदूंचा आहे. पण ड्रायव्हरअभावी संगणक १०२४ × ७६८ एवढेच चित्र पाठवतो. मॉनिटर ते पूर्ण रुंदीवर पसरवतो. उंची तीच राहते आणि रुंदी सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. चौरसातील चार ठिपके ४ : ३ प्रमाणाच्या आयतात दिसू लागतात. ‘पुस्तकातील चौरस आमच्या अळीत दिसत नाही, मग ही दुसरी जात आहे का?’ असा प्रश्न प्रशिक्षणात मला विचारला गेला आहे. अळी तीच होती. पडदा ताणलेला होता.

मोजमापातही हाच दोष शिरतो. या अळीच्या सहा अवस्था असतात आणि डोक्याची रुंदी पहिल्या अवस्थेतील सुमारे ०.३५ मि.मी.पासून सहाव्या अवस्थेतील २.६ मि.मी.पर्यंत वाढते. चौथ्या अवस्थेत ती साधारण १.३ मि.मी., तर पाचवीत २.० मि.मी. असते. पडद्यावर आडवी दिसणारी प्रमाणपट्टी आधार धरून कोणी उभ्या ठेवलेल्या डोक्याची रुंदी पडद्यावरच पट्टी लावून मोजली, तर २.० मि.मी.चे डोके १.५ मि.मी. भरते. पाचव्या अवस्थेतील अळी मग चौथीकडे झुकलेली वाटते. लहान अळीवर परिणामकारक ठरणारी उपाययोजना मोठ्या अळीवर तितकी चालत नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

रंगांची गोष्ट याहून विलक्षण आहे. जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग अनुक्रमे १, २ व ३ क्रमांकाच्या पिनांमधून स्वतंत्रपणे जातात. त्यांपैकी एक पिन वाकली, तर तो रंग पडद्यावरून नाहीसा होतो. लाल गेला की पांढरा भाग निळसर हिरवा दिसतो आणि गुलाबी बोंडअळीचा गुलाबी रंग हरपतो. हिरवा गेला की उलट प्रकार घडतो. पांढरे ते सारे जांभळट गुलाबी होते. कपाशीच्या बोंडातील कोणतीही पांढरट अळी तेव्हा ‘गुलाबी’ ठरू शकते. निळा गेला की पांढरी पार्श्वभूमी पिवळी पडते. मिरचीवरील फुलकिड्यांच्या ओळखीत ही बाब विशेष अडचणीची आहे, कारण सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस हा फिकट पिवळा, तर २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणात मिरचीवर मोठ्या प्रमाणात आढळलेल्या थ्रिप्स पार्विस्पिनसची मादी तपकिरी असते. पिवळ्या पार्श्वभूमीवर पिवळा फुलकिडा सहज नजरेतून सुटतो. (फुलकिड्यांची जात केवळ रंगावरून ठरवू नये, हे आहेच, पण कोणता नमुना पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचा, ही पहिली निवड बहुतेक ठिकाणी रंगावरूनच होते.)

दोष कोठे आहे, हे प्रथम ठरवावे

कॅमेऱ्यातून आलेले चित्र संगणकाच्या स्मृतीत येते, ड्रायव्हरच्या मदतीने डिस्प्ले अडॅप्टर ते पडद्यासाठी तयार करतो, मग ते केबलमधून मॉनिटरकडे जाते. या मार्गावर चित्र कोठे बिघडले, हे दोन साध्या चाचण्यांतून कळते. त्यांना पैसे लागत नाहीत आणि संगणकात काही बदलावेही लागत नाही.

पहिल्या चाचणीत कॅमेऱ्याच्या आज्ञावलीतून नमुन्याचे छायाचित्र साठवावे आणि ती फाइल दुसऱ्या चांगल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर उघडावी. दुसऱ्या चाचणीत बिघडलेले दृश्य पडद्यावर असताना ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबावी, ‘पेंट’मध्ये ते चिकटवून पीएनजी प्रकारात साठवावे आणि तेही दुसरीकडे पाहावे.

साठवलेली फाइलच रंगहीन किंवा पिवळट असेल, तर डिस्प्ले अडॅप्टरला दोष देऊ नये. दिव्याचा प्रकार, कॅमेऱ्यातील पांढऱ्या रंगाचे संतुलन किंवा भिंगावरील बुरशी तपासावी. फाइल चांगली आणि पडद्याचे टिपलेले चित्र मात्र बिघडलेले असेल, तर दोष ड्रायव्हर, अडॅप्टर किंवा आज्ञावलीच्या दृश्य मांडणीत आहे. दोन्ही चांगली असून केवळ पडद्यावर दोष दिसत असेल, तर केबल, जोडणीचे खाचे, मॉनिटर किंवा निवडलेले रेझोल्यूशन यांच्याकडे वळावे. ताणलेल्या चित्राचा दोष या तिसऱ्या गटात मोडतो. टिपलेल्या चित्राची मापे १०२४ × ७६८ आणि मॉनिटरची मूळ मापे १३६६ × ७६८, एवढी तफावत पाहिली की निदान झाले.

चित्र ताणलेले आहे का, हे ओळखण्यासाठी मिलिमीटरच्या आलेख कागदाचा तुकडा भिंगाखाली ठेवावा. चौकटी पडद्यावर चौरस दिसल्या पाहिजेत. कागद ९० अंशांत फिरवून पुन्हा पाहावे. हा तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या पेटीतच कायम ठेवावा, अशी माझी शिफारस आहे.

केबलपासून सुरुवात

तिसऱ्या गटातील दोषासाठी संगणक बंद करून केबल दोन्ही टोकांना काढावी आणि पिना उजेडात पाहाव्यात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने, आपण कीटक हाताळतो तितक्याच हलक्या हाताने सरळ करता येते. व्हीजीए केबलच्या पंधरा जागांपैकी ९ क्रमांकाची पिन अनेक केबलींत मुळातच नसते. ती तुटली आहे, असे समजू नये. पिना १२ व १५ यांचे काम निराळे आहे. मॉनिटर आपली मापे संगणकाला त्यांच्यामार्फत सांगतो. स्वस्त केबलींत किंवा लांबी वाढवणाऱ्या जोडकेबलींत या तारा जोडलेल्या नसतात. मग संगणकाला मॉनिटर ओळखता येत नाही, ‘जेनेरिक नॉन पीएनपी मॉनिटर’ असे नाव दिसते आणि योग्य रेझोल्यूशन यादीत येतच नाही. ड्रायव्हर निर्दोष असूनही चित्र ताणलेले राहते. प्रशिक्षण सभागृहातील प्रोजेक्टरच्या लांब केबलीत हा दोष वारंवार आढळतो.

ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे, त्यात मॉनिटर जोडण्याच्या जागा दोन असतात. एक मदरबोर्डवर आणि दुसरी कार्डावर. साफसफाईनंतर केबल चुकीच्या जागी लावली जाते आणि ‘पडदा मेला’ असा निष्कर्ष निघतो. केबल कार्डाच्या जागेत लावून पाहावी.

डिव्हाइस मॅनेजर वाचण्याची रीत

स्टार्ट मेनूतील ‘कॉम्प्युटर’वर माउसची उजवी कळ दाबून ‘मॅनेज’ व नंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडावे. येथे ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या शीर्षकाखालील नाव पाहावे. तेथे निर्मात्याच्या नावासह अडॅप्टर दिसत असेल, तर ड्रायव्हर बसलेला आहे. ‘स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर’ असे नाव असेल, तर विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर दिवस ढकलत आहे. याच्यासमोर धोक्याची पिवळी खूण बहुधा नसते, त्यामुळे पाहणारा फसतो. रेझोल्यूशनचे मोजके पर्याय, खिडकी सरकवताना पडणारे पट्टे आणि कॅमेऱ्याचे अडखळणारे थेट दृश्य ही त्याची लक्षणे होत. कधी अडॅप्टर ‘अदर डिव्हायसेस’ या गटात ‘व्हिडिओ कंट्रोलर’ या नावाने पिवळ्या खुणेसह दिसतो.

नावावर दोनदा कळ दाबली की ‘जनरल’ पानावर उपकरणाची स्थिती आणि संकेतांक दिसतो. संकेतांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. संकेतांक २२ म्हणजे उपकरण कोणीतरी बंद करून ठेवले आहे. ‘एनेबल’ एवढेच करावे लागते. संकेतांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. संकेतांक ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले. येथे ड्रायव्हर बदलूनही संकेतांक परतला, तर कार्डच सदोष असण्याची शक्यता मोठी. संकेतांक ५२ चा विचार पुढे केला आहे, कारण त्याने अलीकडे अनेकांना भंडावले आहे.

योग्य ड्रायव्हर शोधण्यासाठी ‘डीटेल्स’ पानावरील ‘हार्डवेअर आयडीज’ हा पर्याय निवडावा. त्यात ‘व्हीईएन’ या अक्षरांनंतरचा चार स्थानांचा संकेत निर्माता सांगतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हीडिया आणि १००२ म्हणजे एएमडी अथवा पूर्वीची एटीआय. त्यापुढील ‘डीईव्ही’ हा संकेत नेमके मॉडेल सांगतो. आपल्या भाषेत पहिला संकेत प्रजातीचा, दुसरा जातीचा. दोन्ही लिहून घ्यावेत. विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, तेही ‘कॉम्प्युटर’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहून नोंदवावे, एकासाठीचा ड्रायव्हर दुसऱ्यावर चालत नाही.

ड्रायव्हर दुसऱ्या, सुरक्षित संगणकावरून निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. लॅपटॉप असल्यास लॅपटॉपच्या निर्मात्याकडचा ड्रायव्हर आधी पाहावा. ‘सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ असे सांगणाऱ्या आज्ञावल्या टाळाव्यात. त्यांच्याबरोबर नको ती पाहुणेमंडळी संगणकात शिरतात.

चांगला ड्रायव्हरही का नाकारला जातो?

संकेतांक ५२ याचा अर्थ ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरी पडताळता आली नाही. विंडोज ७ च्या मूळ रचनेला एसएचए–२ पद्धतीची स्वाक्षरी नीट ओळखता येत नाही, आणि नंतरच्या काळातील ड्रायव्हरांवर तीच स्वाक्षरी असते. त्यामुळे अस्सल ड्रायव्हरही बनावट समजून नाकारला जातो. यासाठी विंडोज ७ वर सर्व्हिस पॅक १ असणे आवश्यक असून, त्यावर आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ ही अद्यतने बसवावीत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ड्रायव्हर बसवावा. स्वाक्षरीची तपासणीच कायमची बंद करून टाकण्याचा सल्ला काही दुरुस्तीकार देतात; साहाय्य संपलेल्या प्रणालीवर तो मानू नये.

काही प्रकरणांत उपायच नसतो, आणि ते वेळीच ओळखणे हेही निदानच. मदरबोर्ड जळाल्यावर नवा बसवला आणि त्यावर हट्टाने विंडोज ७ घातले, असे संगणक मी पाहिले आहेत. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज ७ चा ड्रायव्हर दिलेला नाही. सहावी पिढी ही त्या बाबतीत शेवटची. अशा संगणकावर अंगभूत ग्राफिक्स वापरत असाल, तर ‘स्टँडर्ड व्हीजीए’ जाणार नाही. तेथे विंडोज ७ चा ड्रायव्हर उपलब्ध असलेले जुने ग्राफिक्स कार्ड बसवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. कार्ड निवडताना सावध राहावे, कारण एएमडी आणि एनव्हीडिया या दोघांनीही २०२१ मध्ये आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरांतून विंडोज ७ वगळले. त्यानंतर बाजारात आलेले कार्ड उपयोगी पडणार नाही.

ड्रायव्हर बदलताना

प्रथम छायाचित्रे आणि अंशांकनाच्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. ‘सिस्टीम रिस्टोअर’मध्ये पुनःस्थापन बिंदू तयार करावा. जुना सदोष ड्रायव्हर असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अनइन्स्टॉल’ करावा, ड्रायव्हरच्या फाइलीही पुसण्याच्या पर्यायावर खूण करावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग नवा बसवावा. नव्या ड्रायव्हरनंतर काम बिघडल्यास ‘ड्रायव्हर’ पानावरील ‘रोल बॅक’ने पूर्वस्थितीत जाता येते.

पडदा पूर्ण काळा झाला तर घाबरू नये. संगणक सुरू होताना विंडोजचे चिन्ह येण्यापूर्वी एफ ८ कळ दाबत राहावे. येणाऱ्या यादीत ६४० × ४८० या कमी रेझोल्यूशनने सुरू करण्याचा पर्याय असतो. एक्सपीमध्ये त्याचे नाव ‘एनेबल व्हीजीए मोड’ असे आहे. त्याने न झाल्यास ‘सेफ मोड’मध्ये जाऊन ड्रायव्हर काढावा.

काळा चौकोन, अडखळणे आणि उष्णता

संगणकाच्या पडद्यावर अळी हलताना दिसते, पण प्रोजेक्टरवर त्याच जागी काळा चौकोन. हा अनुभव एक्सपीच्या काळापासूनचा आहे. जुन्या आज्ञावल्या थेट दृश्य ‘ओव्हरले’ नावाच्या वेगळ्या थरातून दाखवतात आणि तो थर अनेकदा मुख्य पडद्यापुरताच मर्यादित असतो. (प्रिंट स्क्रीनने टिपलेल्या चित्रातही तो काळाच येतो, वरील चाचणीचा निष्कर्ष काढताना हे लक्षात ठेवावे.) कॅमेऱ्याच्या आज्ञावलीत ओव्हरले बंद करण्याचा पर्याय शोधावा. एक्सपीमध्ये डिस्प्लेच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागातील ‘ट्रबलशूट’ पानावर हार्डवेअर ॲक्सिलरेशनची पट्टी एकेक पायरी मागे आणून पाहावी. विंडोज ७ मध्ये हे पान असते, पण त्यातील कळ बहुधा निष्क्रिय असते. तेथे ‘विंडोज’ आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबून केवळ प्रोजेक्टरवर दृश्य पाठवल्यास अनेकदा काम भागते.

‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, तो पूर्ववत झाला’ अशा अर्थाचा संदेश उजव्या कोपऱ्यात येत असेल, तर अडॅप्टरने २ सेकंदांत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने त्याला नव्याने सुरू केले, असे समजावे. कारण ड्रायव्हर असू शकते. पण संदेश दुपारी येतो आणि सकाळी येत नाही, असे असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. खोके उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी, खोक्याच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. कार्ड काढून त्याचे सोनेरी संपर्क साध्या खोडरबराने हलके पुसावेत. मदरबोर्डवरील दंडगोलाकार कपॅसिटरांचे माथे फुगलेले दिसल्यास पुढील काम जाणकाराकडे सोपवावे.

आमच्या विषयातील एक बाब येथे सांगितली पाहिजे. संगणकाचे खोके उबदार, अंधारे आणि निवांत असल्यामुळे झुरळांना ते मानवते. त्यांची विष्ठा आणि अंडकोष संपर्कांवर साचतात. खोक्यात कीटकनाशक कधीही फवारू नये. जेल स्वरूपातील आमिष टेबलाच्या खाली, भिंतीलगत ठेवावे आणि खोक्याची मागील उघडी खाच पत्र्याच्या पट्टीने बंद करावी.

कॅमेरा निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० खाचेत लावला असेल तर तो विंडोज ७ ला दिसतोच असे नाही, कारण त्या खाचेचा ड्रायव्हर या प्रणालीत मुळात नाही. हा दोष डिस्प्ले अडॅप्टरचा समजला जातो; काळ्या यूएसबी २.० खाचेत कॅमेरा लावून पाहावा.

ड्रायव्हर, केबल किंवा मॉनिटर यांपैकी काहीही बदलल्यावर आलेख कागदाची चाचणी पुन्हा करावी, कॅमेऱ्याच्या आज्ञावलीतील प्रत्येक भिंगक्षमतेचे अंशांकन तपासावे आणि तारखेसह संगणकाच्या खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहावे. त्याच कागदावर अडॅप्टरचे दोन संकेत, विंडोजचा प्रकार आणि चाललेल्या ड्रायव्हरची आवृत्ती यांची नोंद असावी. ड्रायव्हरची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत ठेवावी. हा संगणक इंटरनेटला जोडू नये. छायाचित्रे बाहेर नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह राखून ठेवावा आणि तो प्रत्येक वेळी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासून मगच परत लावावा.